वायरकट घ्यायचंय? आधी चलनांची फाईल काढा

शॉप फ्लोअर : वाचकांचे प्रश्न

दसऱ्याला मशीन शेडमध्ये यावं, खंडेनवमीला त्याची पूजा व्हावी, ही आपल्याकडच्या बहुतेक कारखानदारांची इच्छा असते. त्यामुळे श्रावण लागला की माझ्याकडे मशीन खरेदीची पत्रं वाढतात. या वेळी आलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं वायरकटबद्दलची, म्हणजे बारीक तारेच्या ठिणग्यांनी कडक धातू कापणाऱ्या मशीनबद्दलची आहेत. त्यातली पाच निवडली. नावं छापलेली नाहीत, फक्त गावं दिली आहेत. मी स्वतः भोसरीत २००३ पासून वायरकट चालवतो. आज दोन मशीन आहेत, एक मॉलीचं (मॉलिब्डेनमच्या तारेचं) आणि एक ब्रासचं (पितळी तारेचं). उत्तरं या दोन मशीनवर घालवलेल्या दिवस-रात्रींमधून आलेली आहेत.

काका, नमस्कार. सातपूरला आमची छोटी टूलरूम आहे. चार माणसं, एक व्हीएमसी, एक सरफेस ग्राइंडर, एक स्पार्क मशीन. प्रेस टूल बनवतो, जास्त करून गाड्यांच्या ब्रॅकेटचे, १.६ आणि २ मिमी सीआरसीए (कोल्ड रोल्ड) पत्र्याचे. वायरकट बाहेरून करून घेतो. महिन्याला साधारण ४५ हजार रुपये जातात आणि प्रत्येक प्लेटमागे दोन-तीन दिवस थांबावं लागतं. मॉलीच्या मशीनचं कोटेशन ११ लाखांचं आलंय, ब्रासचं ३४ लाखांचं. भाऊ म्हणतो, एकदाच घ्यायचंय तर ब्रासचंच घेऊ. दोन महिने घरात हाच विषय चाललाय. तुम्ही काय कराल? — सातपूर, नाशिक

कोटेशन बाजूला ठेवा. वायरकटवाल्याकडे जॉब पाठवताना केलेल्या चलनांची फाईल तुमच्याकडे असेलच. मागच्या सहा महिन्यांची चलनं काढा, भावाला शेजारी बसवा आणि वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात कापाची लांबी गुणिले जाडी, म्हणजे स्क्वेअर मिलिमीटर. दुसऱ्यात त्या जॉबला खरोखर लागणारा टॉलरन्स. तिसऱ्यात जॉब परत यायला लागलेले दिवस. एक रविवार जाईल, पण दोन महिन्यांचा वाद त्या वहीत मिटेल.

तुम्ही दर कळवलेला नाही, म्हणून मी १५ पैसे स्क्वेअर मिमी धरतो. ४५ हजार रुपये म्हणजे महिन्याला तीन लाख स्क्वेअर मिमी काप. मॉलीचं मशीन विकणारा शंभरच्या वरचा स्पीड सांगेल. डेमोच्या प्लेटवर तो निघतोही. पण हार्ड केलेल्या डी-टू टूल स्टीलच्या ४०-५० मिमी प्लेटवर रोजच्या कामात मी मिनिटाला ४० स्क्वेअर मिमी धरतो. तीन लाख भागिले चाळीस, म्हणजे साडेसात हजार मिनिटं, म्हणजे १२५ तास. एका पाळीत सोळा दिवसांचं काम. उरलेले दिवस मशीन शेजारपाजारचं काम करायला मोकळं.

ब्रासला पहिला काप मिनिटाला १०० ने धरला तर हेच काम ५० तासांत होतं. वर दोन स्किम कट (त्याच कडेवरून फिरवलेले हलके फिनिशिंगचे काप) घेतले की वेळ जवळजवळ दुप्पट होतो, म्हणजे पुन्हा १०० तास. आता हप्ता बघा. ३४ लाखांच्या मशीनला बाकीचा खर्च धरून ४० लाख लागतील. त्यातले १० तुमचे, ३० बँकेचे. साडेदहा टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता साडेचौसष्ट हजारांच्या आसपास येतो. आज तुम्ही बाहेर ४५ हजार देता. मॉलीसाठी नऊ लाख काढलेत तर हप्ता १९ हजार आणि थोडे. आजच्या कामावर मॉलीचं मशीन स्वतःचा हप्ता फेडतं. ब्रासच्या मशीनला मात्र पहिल्या महिन्यापासून बाहेरचं काम शोधून आणावं लागेल, आणि ते आणणारा माणूस तुमच्या चार जणांत कोण, ते भावाला विचारा.

आता टॉलरन्सचा रकाना. खरी निवड इथे होते. ब्लँकिंगमध्ये, म्हणजे पत्र्यातून आकार तोडताना, पंच (वरून दाबणारा भाग) आणि डाय (खालची खिडकीची प्लेट) यांमधला क्लिअरन्स एका बाजूला पत्र्याच्या जाडीच्या साधारण ५ टक्के ठेवतो. १.६ च्या सीआरसीएला ०.०८ मिमी, २ मिमीला ०.१०. हे मॉलीच्या आवाक्यातलं काम आहे. पण चलनांमध्ये एखादं बारीक काम निघेल, समजा ०.४ मिमी पितळी टर्मिनलचा डाय. त्याला क्लिअरन्स ०.०२. मॉलीवर हे का जमत नाही ते नीट सांगतो, कारण विकणारा ही गोष्ट स्वतःहून काढत नाही.

ब्रासची तार एकदा वापरली की भंगारात जाते. कापाला दर क्षणी नवी तार मिळते. मॉलीची तार ड्रमवर असते, दोन-तीनशे मीटर, आणि तीच सेकंदाला आठ-दहा मीटरच्या वेगाने पुढे-मागे पळत राहते. ठिणगीने जॉब झिजतो तशी तारही झिजते. ०.१८ ची नवी तार चढवा, काही दिवस चालवा आणि मायक्रोमीटरमध्ये धरा. ०.१६ भरेल. तुम्ही ऑफसेट (तारेच्या जाडीसाठी प्रोग्राममध्ये सोडलेलं अंतर) बदलला नाही तर कापाच्या कडेला एका बाजूने १० मायक्रॉन, म्हणजे ०.०१ मिमी, माल जास्त राहतो. डायची खिडकी दोन्हीकडून १० मायक्रॉनने आत येते, पंच दोन्हीकडून १० मायक्रॉनने फुगतो. क्लिअरन्समधून एका बाजूला २० मायक्रॉन गेले. तुमच्या ब्रॅकेटला ०.०८ चे ०.०६ होतील, टूल चालेल. टर्मिनलला ०.०२ चं शून्य होईल आणि पंच पहिल्याच स्ट्रोकला डाय खाईल. म्हणून माझ्या मॉलीच्या मशीनवर दोरीने एक मायक्रोमीटर बांधलेला आहे. फिनिशिंगचा जॉब चढवण्याआधी तार मोजायची आणि आकडा वहीत लिहायचा. त्या मशीनवर आलेला प्रत्येक मुलगा पहिल्या दिवशी हेच शिकतो.

मॉलीच्या कापावर काळे-पांढरे पट्टे दिसतात, ड्रमची दिशा बदलते त्याचे. एका कापात आरए (पृष्ठभागाच्या खडबडीतपणाचा आकडा) अडीच-तीन मिळतो. ब्रासला दोन स्किम घेतले की ०.८ च्या आसपास जातो. ब्रॅकेटच्या डायला पट्ट्यांनी काही बिघडत नाही, हात फिरवून पॉलिश करता येतं. मॉलीचं पाणी काळं पडतं, मशीनभोवती काळा चिखल होतो. त्याला वेगळा कोपरा द्या, ग्राइंडरच्या शेजारी लावू नका.

ब्रासचा चालू खर्चही मोजून ठेवा, पुढेमागे लागेल. ०.२५ ची तार मीटरला सुमारे ०.४२ ग्रॅम भरते. मिनिटाला आठ मीटर सोडली तर तासाला दोनशे ग्रॅम. पाच किलोचं रीळ पंचवीस तासांत संपतं. तारेचा आजचा किलोचा भाव घ्या आणि पाचने भागा, तो तुमचा तासाचा तारेचा खर्च. वापरलेली तार स्वच्छ पितळ असते, भंगारवाला तिला चांगला भाव देतो. ती लोखंडाच्या चुऱ्यात मिसळू देऊ नका.

वर मी ३४ चे ४० केले त्याचं कारण. कोटेशनमध्ये एसी केबिन नसते, आरओ नसतो, सर्व्हो स्टॅबिलायझर आणि वेगळा अर्थिंगचा खड्डा नसतो, स्टार्ट होलसाठी, म्हणजे तार ओवायच्या भोकासाठी, ईडीएम ड्रिल नसतं. जीएसटीचं क्रेडिट पुढे मिळतं, पण पैसे आधी द्यावे लागतात. यात काटकसर करण्याचा मोह मलाही झाला होता. पहिल्या मशीनला मी चिलर, म्हणजे टाकीचं पाणी थंड ठेवणारं यंत्र, घेतला नाही. मे महिन्यात एका प्रोग्रेसिव्ह टूलची डाय प्लेट दुपारी दोनला लावली तेव्हा टाकीचं पाणी ३३ अंश होतं. शेवटची खिडकी रात्री कापली तेव्हा ते २७ वर आलेलं. पहिल्या आणि शेवटच्या खिडकीत १८० मिमी अंतर. स्टील मीटरला अंशामागे साडेअकरा मायक्रॉन वाढतं. १८० मिमी आणि ६ अंशांचा हिशेब १२ मायक्रॉन येतो. सीएमएमवर (मोजमापाच्या मशीनवर) नेमकी तेवढीच पिच, म्हणजे खिडक्यांमधलं अंतर, चुकलेली निघाली. पंच एका बाजूने घासत होता. प्लेट मी माझ्या खर्चाने पुन्हा केली, हार्डनिंगसकट. आठवड्याभरात चिलर आणला.

तुमच्या जागी मी मॉलीचं घेईन. बारीक क्लिअरन्सचे डाय आजच्यासारखेच बाहेर पाठवत राहा आणि त्यांची वेगळी वही ठेवा. त्या वहीतलं काम महिन्याला साठ-सत्तर तासांवर गेलं की ब्रास घ्यायची वेळ आली. तेव्हा पुण्याची इलेक्ट्रॉनिका बघा, जपानच्या मित्सुबिशी, सोडिक, मकिनो, फानुक बघा, पण प्रत्येकाला एकच प्रश्न आधी विचारा: मशीन बंद पडलं तर सातपूरला इंजिनिअर किती तासांत पोहोचेल आणि तो कुठून निघेल? शक्य असेल तर नाशिकमध्येच ते मशीन वापरणाऱ्या दोन मालकांना जाऊन भेटा आणि ऑपरेटरशी पाच मिनिटं एकट्याने बोला.

साहेब, शिरोलीला एका ओळखीच्या डीलरकडे २००५ सालचं जपानी ब्रास वायरकट आहे. १४ लाख सांगतोय. चालू कंडिशन म्हणतो. नवं ब्रास आम्हाला परवडणार नाही. घ्यावं का? — शिरोली, कोल्हापूर

घेण्यासारखं असू शकतं. जपानी मशीनचं कास्टिंग आणि स्लाइड वीस वर्षांनीही उत्तम असलेल्या मी पाहिल्या आहेत. अडचण बहुतेक वेळा इलेक्ट्रॉनिक्सची येते.

२००९ मध्ये मी असंच एक मशीन घेतलं. पाच आठवडे सुंदर चाललं. मग पॉवर सप्लायचं एक कार्ड गेलं. ते कार्ड बनणं बंद झालं होतं. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. शेवटी दुरुस्त करणारा सापडला, पण मशीन ७४ दिवस उभं होतं आणि तेवढ्यात माझं एक जुनं गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं ते परत आलं नाही. म्हणून सौद्याआधी मॉडेल आणि सिरियल नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिसला लेखी विचारा: या मशीनची कार्डं, स्क्रीन, सर्व्हो ड्राइव्ह आजही मिळतात का. उत्तर ‘नाही’ आलं किंवा आलंच नाही, तर किंमत कितीही खाली आली तरी सोडून द्या.

उत्तर ‘हो’ आलं तर मशीन बघायला सकाळी जा, आणि तुम्ही पोहोचेपर्यंत सुरू करू नका असं बजावून ठेवा. थंड मशीन तुमच्यासमोर सुरू व्हायला हवं. रेफरन्सला जाताना कुठे अडकतं का ते बघा. टेबलाला पुपिटास (काट्याचा बारीक डायल) लावून १० मायक्रॉन पुढे, १० मागे असं चार वेळा चालवा. काटा त्याच रेघेवर परतला पाहिजे. खालच्या आर्मच्या सीलजवळ हात घाला. तिथे पांढरा क्षार साचलेला आणि ओल असेल तर पाणी आत झिरपतंय.

मग तुमचा स्वतःचा तुकडा काढा. हो, तुकडा बरोबर घेऊन जा: डी-टू, ५० मिमी जाड, हार्ड आणि दोनदा टेंपर केलेला. त्यातून २० मिमीचा चौकोनी पंच कापून मागा, एक रफ आणि दोन स्किम. अर्धा दिवस जाईल, जाऊ द्या. पंच धुऊन, पुसून, हाताची ऊब जाईपर्यंत ठेवा आणि मायक्रोमीटरने वर, मध्ये, खाली मोजा, दोन्ही दिशांना. एक्स आणि वायमध्ये पाच-सात मायक्रॉनपेक्षा जास्त फरक नको. मध्ये फुगलेला किंवा दबलेला असेल तर घाबरू नका, ते कंडिशन आणि तारेचा ताण बदलून बऱ्याच अंशी सुधारतं. पण वर-खाली सरळ टेपर आला आणि तार काटकोनात लावूनही तो गेला नाही, तर गाईड (तार जागेवर धरणारा भाग) किंवा आर्म बघावा लागेल, आणि आर्मचं काम महाग असतं.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. जपानी मशीन बहुधा २०० व्होल्ट थ्री फेजवर चालतं. आपल्याकडे ४१५. ट्रान्सफॉर्मर सोबत येतोय का ते विचारा.

१४ लाखांच्या वर तीन-चार लाख हाताशी असतील तर पुढे जा. गाईड, कॉन्टॅक्ट (तारेला वीज देणारा तुकडा), फिल्टर, रेझिन (पाण्यातले क्षार शोषणारे दाणे), चिलरचा गॅस आणि लेव्हलिंग यात ते पहिल्या तीन महिन्यांत जातील. सगळे पैसे मशीनमध्येच संपणार असतील तर वर्षभर थांबा.

सर, मी वाळूजला वायरकट ऑपरेटर आहे. टूल अँड डाय मेकरचा आयटीआय केलाय. आमचं ब्रासचं मशीन आठ वर्षांचं आहे. एका पाळीत पाच-सहा वेळा तार तुटते, ६० मिमीच्या प्लेटला तर जास्तच. मालक म्हणतात मशीन म्हातारं झालं, नवं बघायला लागलेत. खरंच तसं असतं का? — वाळूज, छत्रपती संभाजीनगर

ताई, तुमच्या पत्राने मला फार बरं वाटलं. तार तुटली की ओवायची आणि पुढे जायचं, असंच बहुतेक जण करतात. तुम्ही कारण विचारताय.

आठ वर्षं हे ब्रास वायरकटचं म्हातारपण नाही. मालकांना पंधरा दिवस थांबायला सांगा आणि तेवढ्यात हे करा. तार तुटली की तुटलेलं टोक कापून टाकायच्या आधी दहापट भिंगाखाली बघा. टोक ओढल्यासारखं निमुळतं झालं असेल तर ताण जास्त आहे किंवा तार कुठेतरी अडकतेय, रोलर जाम आहे, रीळ आत गुंतलंय. टोक बोथट, काळं, त्यावर बारीक गोळी आली असेल तर ती ठिणगीने जळून तुटली आहे. म्हणजे कापात पाणी पोहोचत नाही, किंवा पॉवर त्या जागेला झेपत नाही. मग तुटली कुठे ते बघा: जॉबच्या आत, की वरच्या कॉन्टॅक्टपाशी.

कॉन्टॅक्टपाशी असेल तर कॉन्टॅक्ट काढून हातात घ्या. कार्बाइडचा तो छोटा तुकडा उजेडात तिरका धरलात की तारेने पाडलेली खाच दिसेल. नखाला ती लागली तर तुकडा सरकवून नवी जागा तारेसमोर आणा. सगळ्या बाजू संपल्या असतील तर बदला. त्या खाचेत तारेला पूर्ण टेकण मिळत नाही, तिथेच ठिणगी पडते आणि तार आत जाण्याआधीच जखमी होते. विजेचे कॉन्टॅक्ट ठिणगीने झिजतात हा त्रास फार जुना. १९४३ च्या सुमारास सोव्हिएत रशियात लाझारेंको पती-पत्नी हे झिजणं थांबवण्याच्या खटपटीत होते. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की ताब्यात ठेवलं तर या झिजण्यानेच धातू कापता येईल. आपला सगळा धंदा तिथून निघाला. मशीनवर काम करणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

जॉबच्या आत तुटत असेल तर वरचा आणि खालचा नोझल प्लेटपासून किती दूर आहे ते मोजा. अंतर ०.१ मिमी हवं, साध्या कागदाच्या जाडीएवढं. तुमच्या ६० मिमीच्या प्लेटला वर क्लॅम्प किंवा पायरी असेल आणि नोझल पाच मिमी वर थांबत असेल, तर पाण्याचा दाब बाहेरच सांडतो. कापात चुरा अडकतो आणि तार जळते. तिथे क्लॅम्प हलवा. नाहीच जमलं तर पॉवर उतरवा, वेळ जास्त लागेल पण तार टिकेल. स्टार्ट होलमधून बाहेर पडताना आणि प्लेटच्या कडेने आत शिरतानाही पॉवर कमी ठेवायची, कारण तिथे पाणी एका बाजूने सुटतं. गाईडमध्ये पितळेचा चुरा बसतो, तो आठवड्यातून एकदा अल्ट्रासॉनिकमध्ये धुवा. पाण्याची कंडक्टिव्हिटी पाळीच्या सुरुवातीला लिहून ठेवा.

प्रत्येक तुटण्याची नोंद एका ओळीत करा: वेळ, जाडी, जागा, टोक कसं दिसलं. पंधरा दिवसांनी ते पान मालकांसमोर ठेवा. माझा अंदाज आहे की नव्या मशीनऐवजी काही हजारांचे कॉन्टॅक्ट आणि गाईड निघतील.

आमच्याकडे बोअरचं पाणी, टीडीएस ९०० आहे. रेझिन तीन आठवड्यांत संपतं. चांगल्या कंपनीचं रेझिन सुचवा. — बारामती एमआयडीसी

रेझिन बदलून उपयोग नाही. पाण्यातला प्रत्येक क्षार तो रेझिनच गिळतोय, कुठल्याही कंपनीचा असला तरी तो असाच भरेल. आधी आरओ बसवा, नव्वद टक्क्यांहून जास्त क्षार तिथेच अडतील. टाकी एकदा पूर्ण रिकामी करून, तळ धुऊन आरओच्या पाण्याने भरा. महत्त्वाचं पुढे आहे: टाकीतलं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि वरून आपण पुन्हा बोअरचं पाणी ओततो. पाणी कमी झालं की जवळच्या नळाची पाइप टाकीत सोडायची सवय ऑपरेटरला असते. तो नळ काढूनच टाका.

मी निवृत्त शिक्षक आहे. मुलाने मेकॅनिकल डिप्लोमा केला, दोन वर्षं पुण्यात नोकरी केली, आता घरी येऊन वायरकटचं जॉबवर्क सुरू करायचं म्हणतो. पीएमईजीपीतून, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून, कर्ज मिळेल असं कळलं. बँकेत कोणीतरी घर तारण ठेवावं लागेल म्हणालं. आम्ही दोघं घाबरलो आहोत. मुलाला नाही म्हणवत नाही. — कुपवाड, सांगली

गुरुजी, आधी घराचं. तारण ठेवायला होकार देण्यापूर्वी बँकेला लेखी विचारा, की हे कर्ज सीजीटीएमएसईच्या हमीखाली बसतं का. लहान उद्योगांना तारणाशिवाय कर्ज मिळावं यासाठीच ही हमी योजना आहे. पीएमईजीपीत उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. पण सबसिडीचा आकडा खिशात धरून हिशेब करू नका. ती रक्कम तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहते, नंतर कर्जात वळती होते. पहिल्या महिन्याचा हप्ता मुलाला कामातूनच भरायचा आहे.

जॉबवर्कवाल्याला मशीनपेक्षा वसुली जास्त दमवते. काम आज होतं, पैसे तीन महिन्यांनी येतात, तारेचं रीळ मात्र रोखीने आणावं लागतं. पहिल्या दिवशी उद्यम नोंदणी करा आणि तो नंबर प्रत्येक बिलावर छापा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं असा कायदा आहे. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या प्राप्तिकराच्या तरतुदीमुळे (१९६१ च्या कायद्यातलं ४३बी (एच) कलम) मुदत उलटूनही वर्षअखेरपर्यंत पैसे न देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. यामुळे मार्चमध्ये तरी फोन उचलले जातात. तरीही चार महिन्यांची तार, वीज आणि हप्ता एवढी रक्कम वेगळी असल्याशिवाय सुरुवात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुलगा नोकरीत वायरकटवर होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर आधी सहा महिने कुणाच्या तरी मशीनवर रात्रपाळी करू द्या. या धंद्यात रात्री मशीन एकटं चालतं आणि नफा तिथेच असतो. तार तुटल्यावर पहाटे तीनला उठून ती ओवायची तयारी आहे की नाही, हे पगारावर असतानाच कळलेलं बरं. टूलिंगचा पाया कच्चा वाटत असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये टूल अँड डायचे कोर्स चालतात, तिथे चौकशी करा.

त्या सहा महिन्यांत सुट्टीच्या दिवशी त्याने कुपवाड आणि मिरजेच्या टूलरूम पालथ्या घालाव्यात. प्रत्येक मालकाला विचारावं, तुमचं वायरकट कुठे जातं, महिन्याला किती जातं, परत यायला किती दिवस लागतात. वर सातपूरच्या वाचकाला सांगितलेली वही त्याने दुसऱ्यांच्या चलनांवरून भरायची. चार मालकांनी काम देतो असं तोंडी न म्हणता एकेक ड्रॉइंग हातात दिलं की मला कळवा, पुढचं बघू.

त्याला माझ्याकडे भोसरीला पाठवलंत तरी चालेल. दोन्ही मशीन चालताना बघेल, तार मोजेल, काळ्या पाण्यात हात घालेल. गुरुवार सोडून कधीही. गुरुवारी आमची सुट्टी असते.